शुद्ध प्रोटीन

बायकोचं तापाचं दुखणं सरलं, पण पायांत काही जोर येईना. दोन जिने चढायचे म्हटलं की ती वळणावरच्या पायरीवर बसून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "चांगल्या प्रतीची प्रोटीन पावडर आणा. सकाळ-संध्याकाळ दुधातून द्या. महिनाभरात पळायला लागतील." त्यातलं 'चांगल्या प्रतीची' हे डॉक्टरांनी वेलांटीरावांसमोर बोलायला नको होतं.

वेलांटीराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका लाल पेनने काढायच्या, हे काम ते छापखान्यात सव्वीस वर्षं करत होते. चुकीची वेलांटी दिसली की त्यांच्या कपाळाची शीर तडतडायची. (घरातही. लग्न ठरल्यावर बायकोने पाठवलेलं पहिलं पत्र त्यांनी दुरुस्त करून परत धाडलं होतं. सात चुका होत्या. पत्रात काय होतं, ते मात्र त्यांना आठवत नाही.)

पहिल्याच दुकानात त्यांनी डबा हातात घेऊन विचारलं, "शुद्ध आहे का?"

"शंभर टक्के शुद्ध, काका."

"मग हे 'पौष्टीक' काय आहे? ऱ्हस्व हवं!"

दुकानदाराने डबा उलटसुलट करून पाहिला. "झाकण तर पक्कं आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दुकानात 'शक्तीवर्धक' निघालं. तिसऱ्यात 'दुधा तून', दोन तुकड्यांत. "जो कारखाना वेलांटीत भेसळ करतो, तो डब्यात काय काय घालत असेल!" वेलांटीराव काउंटरवर मूठ आपटून ओरडले. चौथ्या दुकानदाराचाच पारा चढला. "काका, तुम्हाला पावडर प्यायची आहे की वाचायची?" तेव्हा ते तणतणत घरी आले आणि कारखान्याला चार पानी पत्र लिहायला बसले.

असे सोळा दिवस गेले. बायको जिन्याच्या वळणावर बसतच होती.

सतराव्या दिवशी वेलांटीराव छाती काढून घरात शिरले. डब्यावरच्या अख्ख्या मजकुरात एक चूक नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी! दुकानात उभ्या उभ्या त्यांनी तो तीनदा वाचला होता.

बायकोने एकदाच वाचला. "अहो, ही केसांना लावायची आहे."

"काय?"

"'ओल्या केसांना चोळून अर्धा तास ठेवावी.' हे वाचलंत ना तुम्ही?"

"वाचलं की. 'चोळून' अगदी बरोबर लिहिलंय."

मग मात्र बायको भडकली. डबा तिने असा आदळला की टेबलावरचा चष्मा खाली पडला. "अक्षरं वाचता हो, अर्थ कधी वाचता? पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मला अंधाराची भीती वाटते, दिवा लावून झोपू द्याल ना? तुम्ही 'भिती'ची वेलांटी दीर्घ करून पाठवलीत! आणि आता सोळा दिवस माझे पाय लटपटतायत, तरी तुमचं तेच!"

तिचा आवाज चिरकला. वेलांटीरावांना फार वाईट वाटलं. (त्याच वेळी 'लटपटतायत' हे नेमकं कसं लिहावं, असाही एक विचार मनात येऊन गेला. तो त्यांनी दाबला.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले, तर टेबलावर चिठ्ठी. 'मीच जाऊन पावडर आणते. दुध मंद गॅसवर आहे, उतु जाऊ देऊ नका.'

वेलांटीरावांचं डोकं सणकलं. 'दुध'! 'उतु'! मुद्दाम, डिवचायला लिहिलंय! त्यांनी लाल पेन काढलं, दोन्ही उकार दीर्घ केले, समासात दोनदा 'दीर्घ' असं लिहून खाली रेघ मारली. मग 'आहे'नंतर स्वल्पविराम असावा की पूर्णविराम, यावर बराच वेळ विचार केला.

एवढ्यात बायको धापा टाकत दारात आली. हातात पहिल्या दुकानातला 'पौष्टीक' डबा. वेलांटीरावांनी चिठ्ठी तिच्या नाकासमोर नाचवली.

"दोन ओळींत दोन चुका!"

बायकोने दारातच एकदा वास घेतला. "तीन," ती म्हणाली.

वेलांटीराव चरकले. सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक चूक सुटली नव्हती. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"तिसरी कुठे आहे?"

"शेगडीवर."