पांढरं मुख्य, निळं थरथरीला

गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या झोपडीत सासऱ्यांनी, आर्विडनी, गळाचा डबा मागितला, वेंडेलने तो सरळ हातात दिला आणि मग त्याला आठवलं. डब्यात आमिषांच्या खाली त्याच्या गोळ्यांची आठवडाभराची डबी होती. त्याचं मन कधी आभाळाला भिडायचं, कधी पार तळाला जायचं, आणि या दुखण्यात डॉक्टर एका गोळीवर सोडत नाहीत. हे फक्त बायकोला, ब्रिटाला ठाऊक होतं. सासऱ्यांना कळलं तर पोरगी वेड्याच्या गळ्यात बांधली म्हणतील, या विचाराने लग्नापासून त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"हे काय रे?" आर्विडनी डबी वर काढली.

"आमिष!" वेंडेल म्हणाला. "नवीन आलंय, बाबा."

"एवढ्या रंगांचं?"

"पांढरं मुख्य. मासा फार उसळू नये म्हणून. पण मग तो मलूल होतो, म्हणून हे पिवळं."

"पिवळ्याने परत उसळला तर?"

"म्हणून रात्री गुलाबी."

"अन् निळं?"

"पांढऱ्याने त्याचे... कल्ले थरथरतात. त्या थरथरीला."

वेंडेलच्या हातातली कॉफी हिंदकळत होती. आपल्या तोंडाला लगाम का नाही, हे त्याला कळेना. तेवढ्यात शेजारच्या झोपडीतला गॉर्डी आत डोकावला. सकाळपासून त्याला एक मासा लागला नव्हता आणि बर्फावर सगळं ऐकू जातं.

"मलाही द्या की एक पांढरं!"

"नाही!" वेंडेल ओरडला.

"आर्विड, जावई भलताच चिक्कू मिळाला तुम्हाला!"

"अहो, रात्री लागेल ना मला ते!"

वेंडेलला वाटलं, बर्फ फाटावं आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"गॉर्डी," आर्विड सावकाश म्हणाले, "हे आमिष ज्याचं त्याला लागू पडतं. तुला मानवायचं नाही. जा तू."

गॉर्डी पुटपुटत गेला. आर्विडनी दार ओढून घेतलं, कोटाच्या आतल्या खिशातून तसलीच एक डबी काढली आणि जावयाच्या डबीशेजारी ठेवली.

"माझंही पांढरंच मुख्य. निळं नाही सोसलं, चक्कर यायची."

वेंडेलने दोन्ही डब्यांकडे पाहिलं. "ब्रिटा कधी बोलली नाही..."

"तिला कुठं माहितीय? तिच्या आईला तेवढं माहितीय." आर्विड भोकातल्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "म्हटलं, जावयाला कळलं तर काय म्हणेल."

मग सासऱ्यांनी पाण्याची बाटली जावयाकडे सरकवली.

"पी. पांढऱ्यावर मासा सुकतो."