बंबाला वेगळं फाटक

नागोराव सोनकांबळे दाढीला बसले की न्हाव्याला बजावतात, "एक गाल पुरा करू नको. दोन्हीकडून जरा जरा कर." का, म्हणून विचारलं की म्हणतात, "समजा, आत्ता वर्दी आली." वर्दी म्हणजे कुठंतरी आग लागल्याचा निरोप. अर्धी दाढी घेऊन आगीवर जायला त्यांची ना नाही, पण अर्धी म्हणजे दोन्ही गालांवर सारखी अर्धी हवी. एका गालाने गुळगुळीत माणूस आगीवर पोचला की लोक आग सोडून त्याच्याकडेच बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं आहे. हे त्यांना कसं कळलं, ते ते सांगत नाहीत.

सोनकांबळे मामा आमच्या नगरपरिषदेच्या बंबाचे ड्रायव्हर. मी तिथेच बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता. गाव तालुक्याचं, नांदेडलाही लांब आणि लातूरलाही लांब, त्यामुळे आग लागली तर आमचा आम्हालाच बंब. मी मूळची रेणापूरची. नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी चहा विचारला, बाकीच्यांनी आडनाव विचारलं, आणि मामांनी विचारलं, "म्याडम, तुमी स्कूटी अशी कामून लावली?"

"अशी म्हणजे?"

"तोंड भिंतीकडं हाय तिचं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी स्कूटीचं मागचं चाक उचलून ती फिरवली आणि तोंड रस्त्याकडं करून ठेवली. त्यांचं सगळंच रस्त्याकडं तोंड करून असतं. सायकल, चपला, खुर्ची, सगळं. लग्नात ते पंगतीच्या टोकाला बसतात आणि गोड आधी खाऊन घेतात. खुर्चीत कधी टेकून बसत नाहीत, काठावर बूड ठेवतात. "अहो मामा, टेका की जरा," म्हटलं तर म्हणतात, "टेकल्यावर उठायला दोन सेकंद जास्तीचे लागतेत." अशा माणसासमोर बसून काम करणं म्हणजे शिक्षाच. अर्ध्या तासात आपलीही टाच हलायला लागते. मी त्यांच्यावर कितीदा चिडले, हे मोजायचं मी सोडून दिलं.

तर त्या वर्षी माझ्या वाट्याला मोठं काम आलं. आमच्याकडे पोलीस ठाणं आणि बंबाची शेड एकाच आवारात आहे. ठाणं निजामाच्या काळातलं, दगडी. त्याच्या मागे पत्र्याची शेड, आणि दोघांना मिळून एकच फाटक. शेड पाडून नवं अग्निशमन केंद्र बांधायचं, ठाण्याची दुरुस्ती करून दोन खोल्या वाढवायच्या आणि सगळ्याचा मिळून एकच नकाशा करायचा, असा आदेश निघाला. मी महिनाभर खपून नकाशा केला. आत ठाणं, केंद्र, झेंड्याचा चौथरा, कडेने झाडं, मध्ये हिरवळ. खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडला होता. मुख्याधिकारी साहेबही खूश झाले. "एक आवार, एक फाटक, एक चौकीदार. सुटसुटीत!" असं ते तीनदा म्हणाले.

मामांनी नकाशा उभ्यानेच बघितला. बराच वेळ बघितला.

"हे हिरवं काय हाय?"

"हिरवळ. लॉन."

"बरं. आन जप्तीच्या गाड्या कुठं हायत?"

कुठल्याही पोलीस ठाण्यात जा, आवारात जप्तीच्या गाड्या असतातच. अपघातातल्या मोटारसायकली, गंजलेल्या जीपा, आणि आमच्याकडे गोदाकाठच्या चोरट्या रेतीने भरलेले टिप्पर. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. काही गाड्यांतून लिंबाची रोपं वर आली आहेत. मी त्या आवारात रोज जाते, त्या गाड्यांना वळसा घालून जाते, आणि तरी नकाशा काढताना मी त्या सगळ्या खोडून तिथे हिरवळ लावली होती. कॉलेजात आम्हाला आवार रिकामंच काढायला शिकवतात.

"मामा, नवीन ठाण्यात गाड्यांची सोय होईल कुठेतरी," मी म्हटलं.

"कुठंतरी मंजी फाटकातच," मामा म्हणाले. "समजा, आत्ता वर्दी आली."

तेव्हा मी त्यांना वेडात काढलं. मग शेडमधल्या एका जुन्या फायरमनने मला सोयाबीनच्या गंजीची गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका खेड्यात एका विधवा बाईची कापून रचून ठेवलेली गंजी पेटली. वर्दी वेळेवर आली होती. बंबही तयार होता. पण रात्रीत पकडून आणलेला टिप्पर फाटकात आडवा उभा, आणि त्याची किल्ली घेऊन हवालदार जेवायला गेलेले. बंब पोचला तेव्हा नुसती काळी जमीन उरली होती. बाईने शिव्या दिल्या नाहीत, रडलीसुद्धा नाही. ती मामांना म्हणाली, "दमला असाल, पाणी घ्या." मामांनी पाणी घेतलं नाही. दाढी, पंगत, खुर्चीचा काठ, सगळं त्यानंतर सुरू झालं म्हणे.

हे ऐकल्यावर मी त्यांच्यावर चिडणं कमी केलं. पूर्ण थांबवलं नाही, कारण पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं.

झालं असं की आठवडी बाजार भरत नाही त्या दिवशी त्यांनी बाजाराच्या मैदानावर माझा आख्खा नकाशा फक्कीने आखला. फक्की म्हणजे पाया खणायच्या आधी मारतात ती चुन्याची पूड. फूट न फूट बरोबर. ठाणं, कोठडी, साहेबांची केबिन, केंद्र, फाटक. वर हातगाडे, बाजली, पिंपं जमा करून जप्तीच्या गाड्याही उभ्या केल्या. मग मुख्याधिकारी साहेबांना बोलावलं, पोलीस निरीक्षकांना बोलावलं आणि मला बोलावलं. निम्मं गावही जमलं, त्याला बोलवावं लागत नाही.

निरीक्षक साहेब उन्हाला कंटाळून एका रेघेच्या आत उभे राहिले.

"साहेब," मामा अदबीने म्हणाले, "तुमी कोठडीत हाव."

लोक हसले. साहेब चटकन दोन पावलं बाजूला झाले.

"आता संडासात हाव."

साहेबांचा चेहरा बघून मुख्याधिकारी साहेब खोकायला लागले. मामांना यात विनोद वगैरे काही दिसत नव्हता. ते बंबात चढले, घंटा वाजवली आणि माझ्या नकाशातल्या केंद्रातून गाडी बाहेर काढली. झेंड्याच्या चौथऱ्यावरून एक चाक गेलं. साहेबांच्या केबिनची भिंत पडली. फाटकाशी येऊन बंब तीन बाजली आणि एक हातगाडा यांच्यापुढे थांबला आणि तिथेच घंटा वाजवत राहिला. पाच मिनिटं वाजवत राहिला. आधी लोक हसत होते. मग हसणं कमी कमी होत गेलं.

मामा खाली उतरले. "जळालं," म्हणाले, आणि परत चढून बंब शेडकडे घेऊन गेले.

निरीक्षक साहेब बरे होते. "गाड्या काही मी हलवू शकत नाही, तो कोर्टाचा मुद्देमाल आहे. बंबाला वेगळं फाटक द्या, मागच्या रस्त्याला," ते स्वतःच म्हणाले. पण मुख्याधिकारी साहेब अडून बसले. मागे जागाच नाही, जुनं बांधकाम आहे, पुन्हा नव्याने परवानग्या कोण काढणार? सोमवारी नकाशा नांदेडला मंजुरीला जायचा होता. "शनिवारपर्यंत सरळ रस्ता दाखवा, नाहीतर एकच फाटक," असं म्हणून ते मोकळे झाले. एकदा मंजूर झालं की पुढची चाळीस वर्षं गावाला तेच फाटक, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

ते चार दिवस मामा माझ्या टेबलापाशी येरझाऱ्या घालत होते. "झालं का म्याडम?" "बघून राहिले मामा." "सोमवार आला की." मी डावीकडून रस्ता काढून बघितला, तिथे विहीर. उजवीकडे शाळेची भिंत. तिरका काढला तर बंब वळेना. शुक्रवारी मी त्यांच्यावर ओरडले, "मामा, पाच मिनिटं बसा हो कुठंतरी!" ते बसले नाहीत, पण गेले.

शनिवारी सकाळी ते परत आले. "रेघ मारली. या, बघून घ्या."

शेडपासून निघालेली फक्कीची रेघ आवार ओलांडून मागे सरळ चालली होती, दोरी लावल्यासारखी. मी तिच्यावर नजर ठेवून चालत गेले आणि एका दारापाशी थांबले. रेघ उंबऱ्यावरून आत गेली होती.

ते मामांचं क्वार्टर होतं. माझ्या नकाशात मी त्याला 'जुने बांधकाम' असं लिहिलं होतं.

मामा तिथे राहतात हे मला माहीत होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून एकटेच राहतात, हेही माहीत होतं. पण आत मी कधी गेले नव्हते. ते कुणालाच आत बोलवत नसत, उभ्या उभ्या दारातच बोलून मोकळे होत.

"मामा, हे कसं शक्य आहे? तुमची चार वर्षं नोकरी आहे अजून. तुम्ही कुठं जाल?"

"खोली बघितली शाळंच्या मागं. पोरगी हदगावला बोलावती, पण तिथून वर्दीला यायाला लई येळ लागल. या ना आत, मोजून घ्या."

मी आत गेले. एक खाट, एक कपाट, धुतलेले दोन खाकी शर्ट. रेघ खोलीतून स्वयंपाकघरात गेली होती. मी टेप लावत तिच्यामागून गेले. रुंदी पुरत होती, वळण नव्हतं, मागचा रस्ता समोरच. माझ्यातल्या इंजिनिअरला आनंद झाला, याची मला अजून लाज वाटते.

ओट्याच्या अलीकडे रेघ तुटली होती. दीड-दोन हात मोकळी फरशी, आणि पलीकडे रेघ पुन्हा सुरू होऊन मागच्या भिंतीला भिडलेली.

"फक्की संपली का मामा?"

"न्हाई. हाय की घमेल्यात." ते दारातच उभे होते. "तिथं बसायची ती. मी आगीवरून येईस्तोवर. ताट झाकून." मग जरा थांबून म्हणाले, "तेवढ्यावर फक्की टाकायला हात होईना. तुमी जोडून घ्या."

ते वळून बाहेर गेले. घमेलं तिथेच होतं. मी मूठभर फक्की उचलली, खाली वाकले आणि परत टाकून दिली.

ती रेघ मी ऑफिसात जोडली, संगणकावर. एका टोकावर क्लिक करायचं, दुसऱ्या टोकावर करायचं, झालं. तेवढ्याला मला संध्याकाळ झाली.