भेटीची वेळ चार ते पाच

आमच्या वाडीतल्या शेवंताआत्याच्या मधाच्या पेट्या बघायच्या असतील तर वेळ चार ते पाच. आधी गेलात तर "पेशंट झोपलेत", नंतर गेलात तर "भेटीची वेळ संपली". चपला अंगणात काढायच्या, हातपाय साबणानं धुवायचे, मग उलटतपासणी. "कुठून आलास? मयताला नाय ना गेला होतास? सर्दी हाय?" अहो, माझी सर्दी मधमाश्यांना कशी होणार? पण विचारायची छाती कुणाची?

आत्या तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत आया होती. रिटायर झाल्यावर तिनं सातेरी माश्यांच्या चार पेट्या आणल्या आणि ती खोली परसात आली. राणीमाशी ही बाळंतीण, मेणाच्या घरांतल्या अळ्या ही बाळं. पेटी उघडताना सगळेच धूर करतात. आत्या ओवा-वावडिंगाची धुरी देते. शनिवारी मीठमिरच्यांनी पेट्यांची दृष्ट काढते. मग मी आणि शेजारची म्हैस संध्याकाळपर्यंत खोकतो.

मला ती हक्कानं राबवते, कारण मी तिच्या हातचा. त्यातून पायाळू. मध घ्यायला महाडहून आलेल्या परक्या माणसांनासुद्धा सांगते, "ह्यो? ह्यो पायानं आला. तवापासून उलटाच हाय." मी कचेरीत हेडक्लार्क आहे हो! पण तिला काय त्याचं.

गेल्या थंडीत जांभळीखालच्या पेटीतल्या अळ्या मलूल दिसायला लागल्या. आत्यानं लगेच निदान केलं, "आईला दूध पुरत नाय." आणि दवाखान्यात करायची तेच केलं. दूध कमी पडलं की शेजारच्या खाटेवरचीनं पाजायचं. त्या पेटीतल्या अळ्यांनी भरलेल्या पोळ्यांच्या चौकटी काढून तिनं बाकीच्या तीन पेट्यांत एकेक वाटून दिली. वर मला म्हणते, "बघ कशी बाळसं धरतात!"

थोड्याच दिवसांत चारही पेट्यांतल्या अळ्या पाण्यानं फुगून मरायला लागल्या. तीन पेट्यांतल्या माश्या घर सोडून उडून गेल्या. उरली एक.

महाबळेश्वरचे एक जाणकार साहेब आंबेनळी घाट उतरून आले. आत्यानं त्यांनाही हातपाय धुवायला लावले. पेटी बघून ते म्हणाले, "हा विषाणूचा रोग, औषध नाही. आजारी चौकटी फिरवल्यात, तिथंच पसरला. आता खराब पोळी काढून टाका आणि राणीला वीसेक दिवस पिंजऱ्यात ठेवा. अंडीच घातली नाहीत म्हणजे रोग तुटेल. नाहीतर हीसुद्धा जाईल."

"बाळंतिणीला कोंडू?" आत्या कडाडली. "साहेब, तुमच्या आयेला कोणी कोंडलं होतं काय?"

साहेब चहा अर्धाच टाकून निघाले. ते गेल्यावर ती पायरीवर मटकन बसली.

"मीच मारली रे. एवढी बाळंतपणं केली, एक पोर दगावलं नाय माझ्या हातून. आन् आता हे."

मग तिची तीच उठली, खराब पोळी काढून टाकली, राणीला अलगद साहेबांनी ठेवून दिलेल्या त्या एवढ्याशा पिंजऱ्यात घातलं आणि म्हणाली, "कळ काढ गो बाय. माझ्यासाठी काढ."

ते दिवस भेटीची वेळ बंद. मध न्यायला आलेल्यांना "नाय हाय" एवढंच उत्तर. मी पायानं आलो हे कुणालाही सांगितलं नाही तिनं. खरं सांगतो, मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

राणीला पिंजऱ्यातून सोडून आठवडा झाला आणि कचेरीत आत्याचा फोन. "चार वाजता ये. माझ्या चष्म्यातून दिसत नाय."

मी न सांगता हातपाय धुतले. चौकट उजेडात धरली. घराघरांतून तांदळाच्या कण्यांएवढ्या पांढऱ्याशुभ्र अळ्या अंग मुडपून पडल्या होत्या.

"कशी हायेत?"

"गुटगुटीत."

"नीट बघ रे मेल्या! फुगलेलं नाय ना एक पन?"

"एकही नाही, आत्या."

तिनं पदर डोळ्यांना लावला.

"वाडीत शेवटचं न्हाऊ घातलेलं पोर म्हणजे तुझी लेक. ती पन मुंबईची झाली. सगळीच गेली. घरात नुसती मी. कुनासाठी पानी तापवू रे? हीच तेवढी हायेत मला."

मी चौकट जपून पेटीत ठेवली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसलो. पेटीच्या तोंडाशी माश्यांची ये-जा चालली होती. पाच कधीच वाजून गेले होते. आत्यानं मला काही बाहेर काढलं नाही.