गोवराची बाटली आणि वऱ्हाडाचा टेम्पो

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मी आमचं गाव साक्षर करून टाकणार होतो! दहावीची परीक्षा देऊन बसलेल्या मला साक्षरता मोहिमेनं बायांच्या वर्गाचा गुरुजी केलं. वजन पडावं म्हणून वर्गात वय अठरा सांगितलं. आई वर्गातच बसायची. पण गुरुजींचा मान म्हणून गप्प राहिली.

खडू संपले. मी वर्ग आरोग्य केंद्राच्या भिंतीसमोर नेला. निळ्या रंगात केवढी अक्षरं, तीही फुकट! बायांनी वाचायचं, मी मान डोलवायची, सगळ्यांनी घरी जायचं. बेत पक्का होता.

गोजरबाईनं भिंतीवर बोट फिरवलं. “दर बुध-वारी ल-सी-करण. नऊ महिने, गो-वर.” मग कडेवरच्या लेकीकडं पाहिलं. “गुरुजी, आज बुधवारच की!”

“शाबास! पुढची ओळ.”

“पुढची कशाला? माझी शिवकन्या नऊ महिन्यांची झाली. मागल्या साली जावेचं लेकरू गोवरानं मरता मरता राह्यलं. आन मला दोनदा ‘आज न्हाई’ म्हणून माघारी धाडलं. हितं तर लिहिलंय!”

ती आत घुसली. मागोमाग अख्खा वर्ग. मी एकटाच भिंतीला काय शिकवणार? मीही गेलो.

“मोर्चा आणलाय का?” प्रभावती सिस्टर दचकल्या.

“वर्ग आहे,” मी म्हणालो.

“एका लेकरासाठी लसीची बाटली उघडत नसतात, बाई. उरलेली फेकावी लागते. पाच-सहा लेकरं जमली की ये.”

“मंग आत्ता जमवते! बाटली काढून ठेवा.”

गावातली लेकरं आयांबरोबर रानात गेल्ती. गोजरबाई तडक शहागडच्या रस्त्यावर जाऊन मधोमध उभी राहिली. जिथं एसटीसुद्धा थांबत नाही, तिथं तिनं वऱ्हाडाचा टेम्पो थांबवला! आत तान्ही लेकरं कोथिंबिरीच्या जुड्यांसारखी रचलेली.

“अहो बाई, मुहूर्त हाय!” नवरदेवाचे वडील, काकासाहेब, ओरडले.

“लगीन उद्याबी लागतं. बुधवार आजच हाय!”

टेम्पोतल्या आयांनी एकमेकींकडं पाहिलं. “आमच्याबी लेकरांचं टोचायचं राह्यलंय की!”

आया उतरल्या. लेकरं उतरली. बँडवाले वाजवतच उतरले. शेवटी नवरदेव बाशिंग सावरत सिस्टरच्या रांगेत उभा राहिला; त्याला वाटलं, मांडव इथंच आहे.

सिस्टरनं गर्दी पाहिली आणि मुकाट्यानं बाटली उघडली. पहिली शिवकन्या! ती अशी किंचाळली की बँडच्या सनईवाल्याचा सूर चुकला. गोजरबाई मात्र निवडणूक जिंकल्यासारखी सगळीकडं बघत होती.

मी टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. आई पुन्हा तिथं जाऊन उभी होती. बोट सगळ्यात खालच्या ओळीवर.

“सो-ळा वर्षे... धनु-र्वात.” ती सावकाश वळली. “धर्मा, गेल्या पोळ्याला तुला सोळा पुरी झाली ना रं?”

“आई! वर्गात गुरुजी म्हणायचं!”

“बरं. गुरुजी, बाही वर करा.”

बँड जोरात होता, म्हणून माझी आरोळी कुणालाच ऐकू गेली नाही. निदान वर्गात तरी ‘ऐकली’ असं कुणी म्हणालं नाही. गुरुजींचा मान असतो ना!