पांढऱ्या रश्शातली चोखणी

मी उठलो नाही, एवढाच माझा गुन्हा. त्या रविवारी मी ताटावरून उठून नळापर्यंत गेलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आखाडातला रविवार, समोर मटणाचं ताट, आणि अशा ताटावरून कोल्हापूरच्या माणसानं उठायचं म्हणजे घराला आग तरी लागायला हवी. (तीही स्वतःच्या.)

मांडीवर आमचे चिरंजीव राजवर्धन बसले होते. वय नऊ महिने, पण घरात सगळे त्यांना राजे म्हणतात आणि वागणूकही तशीच देतात. राजेंच्या तोंडात चोखणी होती. चोखणी म्हणजे ते दूध नसलेलं रबरी बोंड. ते मुलाला गप्प ठेवण्यासाठी असतं आणि घडोघडी खाली पडून बापाला पळवतं. ती निसटली आणि थेट माझ्या पांढऱ्या रश्शाच्या वाटीत पडली. उठून धुवावी की तशीच द्यावी, यावर मी एक घास संपेपर्यंत विचार केला. तोवर राजेंनी सूर लावायला तोंड उघडलं होतं, म्हणून मी चोखणी वाटीतून काढली, झटकली आणि त्या उघड्या तोंडात ठेवली.

राजे थबकले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं, आणि मन लावून चोखायला लागले. मी वाटीतला उरलेला रस्सा पिऊन टाकला (वाया कसा घालवायचा?) आणि तिथंच सतरंजीवर लवंडलो. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि राजे माझ्या पोटाला टेकून गाढ झोपले होते.

यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही दिवसपाळीची माणसं. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कायमचा रात्रपाळीचा सुपरवायझर आहे. जग झोपतं तेव्हा मी वितळलेल्या लोखंडावर लक्ष ठेवतो आणि जग कामाला गेलं की झोपतो. म्हणजे राजे जन्मायच्या आधी झोपायचो. अनुजा, माझी बायको, शाळेत शिकवते. ती दिवसभर नसते. माझ्या आईचे, म्हणजे आक्काचे, गुडघे धरलेले. त्यामुळे रडणाऱ्या राजेंना घेऊन येरझाऱ्या घालायचं खातं माझ्याकडे. मी आडवा झालो की चोखणी पडते, राजे रडतात, मी उठतो. झोप अशी कधी लागायचीच नाही. शेवटी एकदा कामावर भट्टीसमोर उभ्या उभ्या माझा डोळा लागला. मॅनेजरांनी हलवून जागं केलं आणि सांगितलं, पुन्हा डुलकी दिसली तर कायमचं घरी जाऊन झोपायचं. माझी अडचण नेमकी तीच होती, की घरी झोपता येत नव्हतं.

आता उपाय सापडला होता. आखाड असल्यामुळे घरात रश्शाला तोटा नव्हता. मटणाच्या दिवशी ताजा असायचा, एरवी फ्रिजमध्ये शिळा. रोज दुपारी चोखणी बुडवून राजेंना द्यायची, उरलेला रस्सा मी संपवायचा, आणि उठावं तोवर दोघांचीही झोप झालेली. हे मी अनुजाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी मुलाला मीठसुद्धा बेतानं द्यायला सांगितलंय आणि ती डॉक्टरांचं ऐकते. (माझं ऐकायला तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

मग श्रावण लागला. आक्कानं मटणाचं पातेलं घासून माळ्यावर टाकलं. त्यातून मागच्या श्रावणात मी एका गाड्यावर ऑम्लेट खाताना सापडलो होतो. पकडणारे हंबीरमामा. मामा म्हणजे आक्काचे थोरले भाऊ, राहायला गडमुडशिंगीला, पण त्यांचा शब्द आमच्या घरात चालतो. त्यामुळे यंदा मी त्यांच्यासमोर जोतिबाची शपथ घेतली होती, की श्रावणात वशाट तोंडाला लावणार नाही. वर छाती काढून, शपथ म्हणजे शपथ, असंही म्हणालो होतो. हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

श्रावणाचे पहिले काही दिवस मी अजिबात झोपलो नाही. राजे रडत होते आणि मी येरझाऱ्या घालत होतो. कामावर मॅनेजर माझ्याकडे टक लावून बघत होते आणि मी डोळे ताणून त्यांच्याकडे. एका सकाळी सुटल्यावर मी मोटारसायकल हायवेवरच्या एका खानावळीसमोर थांबवली आणि पार्सल मागितलं, फक्त पांढरा. मालकानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पावणं, श्रावणात चोरून खानारी लई येत्यात," तो म्हणाला. "पन नुस्ता रस्सा चोरून नेनारं तुमीच पयलं."

"लहान मुलासाठी आहे," मी म्हणालो.

"व्हय, समदी तसंच म्हंत्यात."

घरी आणून तो मी राजेंच्या दुधाच्या जुन्या बाटलीत भरला आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला. पांढरा रस्सा बाटलीत अगदी दुधासारखा दिसतो. आपण इतके हुशार असून सुपरवायझरच कसे राहिलो, असं मला त्या क्षणी वाटलं. पुढचे काही दिवस मी आणि राजे सुखानं झोपलो.

श्रावणी सोमवारी शाळा अर्धी असते. मी दुपारी गाढ झोपलेलो असताना अनुजा लवकर घरी आली, आणि पाठोपाठ हंबीरमामा शेतातल्या मक्याच्या कणसांची पिशवी घेऊन आले. मामांचा सोमवारचा उपवास, पण चहा चालतो. अनुजानं दूध तापवलं तर ते नासलं. तिनं फ्रिज उघडला. पुढचं मला माहीत नाही, कारण मी स्वप्नात खानावळीत बसलो होतो. काय वास सुटला होता म्हणून सांगू. डोळे उघडले तरी वास काही जाईना. मग एकदम ती बाटली आठवली आणि मी धावत बाहेरच्या खोलीत गेलो. मामांनी बशी ओठांपर्यंत नेली होती. मी ती हातातून ओढून घेतली. अर्धा चहा त्यांच्या धोतरावर सांडला.

"मामा, पिऊ नका."

"का रं?" मामा म्हणाले.

मी बशी पाठीमागे लपवली. अनुजा म्हणाली की चहाला कसला वास येतोय ते तिलाही कळेना, मामांनी आणलेल्या पिशवीचा असेल असं तिला वाटलं. आक्का गुडघे धरत उठली, आत जाऊन बाटली घेऊन आली आणि नाकाशी धरली.

"पांढरा हाय ह्यो," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा हुंगून, "आनि घरचा न्हाय. खोबरं कमी पडलंय."

मी सगळं कबूल केलं. शपथ मोडली, पण खाण्यासाठी नाही, राजेंसाठी. रस्सा लावलेल्या चोखणीशिवाय राजे झोपत नाहीत, आणि ते झोपले नाहीत तर माझी नोकरी जाते. मामा धोतर झटकत म्हणाले की शपथ मोडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली, पण तान्ह्या पोराच्या नावावर खपवणारा त्यांचा भाचाच. मला फार लागलं ते. एकदा तरी मी खरं बोलत होतो.

"आत्ता दाखवतो," मी म्हणालो.

गडबडीनं राजे उठून रडत होतेच. अनुजाचा विरोध मोडून मी चोखणी रश्शात टेकवली आणि त्यांच्या तोंडात दिली. सगळे वाकून बघू लागले. राजेंनी चार वेळा चोखलं, चोखणी थुंकली आणि दुप्पट आवाजात रडायला लागले.

"थोडा वेळ लागतो," मी म्हणालो. "मी उरलेला पिईपर्यंत."

"तुम्ही काय करता?" अनुजानं विचारलं.

"वाटीत उरतो ना. वाया कसा घालवायचा?"

मामांनी शांतपणे विचारलं, "मग रस्सा पिऊन निजतंय कोन, उदय?"

आक्कानं हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "ह्यो वाटी रिकामी करतो आनि पडतो," ती म्हणाली. "पडला की घोराय लागतो. त्यो घोर ऐकून पोरगं निजतंय. मी रोज बगते की."

"मग सांगायचं नाही?"

"मला वाटलं तुला म्हाईत हाय."

मी मानायला तयार नव्हतो. तेव्हा मामांनी सतरंजीकडे बोट दाखवून हुकूम सोडला की झोपून दाखव. इतक्या माणसांसमोर, इतक्या अपमानानंतर कुणाला झोप येईल? रात्रपाळीच्या माणसाला येते. उठलो तेव्हा मामा निघून गेले होते, अंधार पडला होता, कणसं भाजून खाऊन झाली होती आणि राजे माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपले होते. मामांचा निरोप होता की शपथ मोडल्याबद्दल पुढच्या रविवारी जोतिबाला जाऊन नाक घासून यायचं आणि येताना त्यांना नवीन धोतर आणायचं.

ते मी केलं. रस्साही बंद झाला. पण खरा उपाय अनुजानं काढला. मी सतरंजीवर पडलो असताना तिनं माझं घोरणं मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं. आता राजे कुरकुरले की ती किंवा आक्का ते लावते आणि राजे लगेच झोपतात. माझी गरजच संपली. चोखणीसुद्धा नको. मी आतल्या खोलीत दार लावून निवांत पडायचं, असा माझा बेत होता.

पण त्या मोबाइलचा आवाज आमच्या भिंतींना जुमानत नाही. डोळा लागतो न लागतो तोच पलीकडून लाकूड कापायची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज येतो आणि मी दचकून उठतो. चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी दार उघडून बाहेर आलो आणि म्हणालो, असल्या घोरण्याशेजारी माणसानं झोपायचं तरी कसं?

अनुजानं हातातला मोबाइल खाली ठेवला. लग्न झाल्यापासून ती त्या आवाजाशेजारीच झोपते आहे. मग ती आत गेली आणि राजेंची चोखणी आणून माझ्या हातावर ठेवली.

"त्यांना आता लागत नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला लागते का बघा. आणि गप्प पडा, पोरगं उठेल."

मी पाहिलं. धुतलेली होती.