रणधीररावांनी परमुलखी लेकीची स्तुती केली त्याची हकीकत

गजानन सन्मुख, शारदा साह्य, आणि वाचणारे धनी दयावंत असोत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ मास, ते समयी उत्तरेकडील थंड मुलखात जे वर्तले ते ऐकिल्याप्रमाणे लिहिले आहे; लिहिणाराने पदरचे तिखटमीठ फार घातले नाही. कऱ्हाड प्रांतीचे रणधीरराव मोहिते, नाव लढवय्याचे परंतु पेशा संगणकाचा, हे कुटुंब मेघनाबाई आणि दहा वर्षांची कन्या चिरंजीव ओवी यांसह त्या मुलखी तीन वर्षे मुक्काम करून होते. मुलूख चांगला, पाणी मुबलक, दिवे कधी जात नव्हते, आणि तरी रावांचे चित्त ठिकाणावर नव्हते, कारण तेथील एकेक रीत पाहोन त्यांची मती गुंग होत असे. आदितवारी शांतता मोडू नये, भिंतीत खिळाही ठोकू नये ऐसा तेथे दंडक, रावांनी ठोकिला, तो शेजारची म्हातारी दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज रविवार आहे." राव म्हणाले, "होय, म्हणूनच वेळ मिळाला." म्हातारी पुन्हा तेच म्हणाली, "आज रविवार आहे," आणि निघोन गेली, मग राव हातोडा मांडीवर घेऊन तासभर खुर्चीत बसोन राहिले. त्याच मासी नगराची निवडणूक जाहली. उमेदवार भर थंडीत कानटोपी घालून बाजारात एकटाच उभा, येणाऱ्याजाणाऱ्यास पेन्सिली वाटीत होता. मागे कार्यकर्ता नाही, पुढे हलगी नाही. रावांनी पुसिले, "तुमची माणसं कुठं आहेत?" तो म्हणाला, "बायको दुकानात गेली आहे." आणि तोच निवडोन आला, आणि जो हरला त्याने जाऊन त्याचा हात हातात घेतला, आणि दुसरे दिवशी नवे नगराध्यक्ष ओट्टोसाहेब सायकलीवरून कचेरीस गेले. राव घरी येऊन कुटुंबास म्हणाले, "अगं, मग निवडून यायचं तरी कशाला?" मेघनाबाई म्हणाल्या, "तुम्हाला तिथं मत नाही, मग डोकं कशाला शिणवताय? जेवून घ्या."

परंतु खरा प्रसंग शाळेवरून उद्भवला. त्या मुलखी लेकरू दहा वर्षांचे जाहले की पुढील शाळा ठरविण्याची वेळ येते. एक थोरली शाळा, तेथून विद्यापीठाची वाट सरळ. एक धाकटी शाळा, तेथून कारागिरीची वाट. मागाहून वाट बदलता येते, परंतु दमछाक फार. कोणते लेकरू कोठे धाडावे याची शिफारस वर्गाच्या बाई करितात, आणि तत्पूर्वी आईबापांस बोलावून त्यांचे म्हणणे लिहून घेतात. ओवीच्या बाई हेल्गाबाई, स्वभावे शांत, हाती टोकदार पेन्सिल. मेघनाबाई त्या दिवशी इस्पितळात कामावर होत्या, सबब राव एकटेच गेले. हेल्गाबाई म्हणाल्या, "ओवी हुशार वाटते. घरी वाचते का?" आता आपल्या मुलखी चारचौघांत पोटच्या पोरीची तारीफ कोणता बाप करितो? रावांनी मान हलविली आणि म्हणाले, "कसलं वाचन! नुसती उनाडते दिवसभर." बाईंनी ते लिहिले. मग पुसिले, "अभ्यास झेपतो?" राव हसोन म्हणाले, "कसला झेपतोय! यथातथाच आहे आमची. तुमच्यासारख्या बाई आहेत म्हणून चाललंय." बाईंनी तेही लिहिले. "थोरल्या शाळेविषयी तुमचं काय मत?" राव संकोचले आणि म्हणाले, "छे, एवढी कुठली तिची लायकी?" आणि मनात म्हणाले, आता बाई आग्रह धरितील, असे कसे म्हणता म्हणतील, मग आपण दोनदा नको म्हणू आणि तिसऱ्याने मान तुकवू. बाईंनी पेन्सिल खाली ठेविली, आभार मानिले, आणि दारापर्यंत पोचविण्यास आल्या. आग्रह आता पत्राने होईल ऐसे समजोन राव खूश होऊन घरी आले.

आठ दिवशी शाळेचे पत्र आले. रावांस तिकडील कचेरीची भाषा नीटशी वाचता येत नसे, म्हणोन प्रत्येक पत्र ओवीच वाचीत असे आणि बापास अर्थ सांगत असे. तेही पत्र तिनेच हाती घेतले आणि मोठ्याने, न अडखळता, वाचीत गेली. "बाबा, यात लिहिलंय की ओवी मोहिते हिची शिफारस धाकट्या शाळेसाठी आहे. वाचनाची गोडी नाही. अभ्यास झेपत नाही." मग थांबली आणि पुढील ओळ हळू वाचिली, "वडिलांच्या सांगण्यावरून." राव म्हणाले, "काय? कुठं लिहिलंय?" पोरीने बोट ठेवून दाखविले, कागद घडी घालून त्यांच्या हाती दिला आणि आत गेली, आणि थोड्या वेळाने पाहतात तो ग्रंथालयातून आणलेली सारी पुस्तके पिशवीत भरून तिने दाराशी आणून ठेविली होती, परत देण्यास. मेघनाबाई कामावरून आल्या आणि वर्तमान ऐकोन कपाळास हात लावून बसल्या, आणि म्हणाल्या, "तुम्ही काय पंगतीला बसला होता का, नको नको करायला? त्या बाईला काय माहीत तुमचं नको म्हणजे वाढा?" राव म्हणाले, "अगं, असंच म्हणतात की सगळे." मेघनाबाई म्हणाल्या, "कऱ्हाडात म्हणतात. तोंडानं बिघडवलंत, तोंडानंच नीट करा. दहा दिवसांत हरकत घेता येते असं खाली लिहिलंय म्हणे, ओवी सांगत होती."

परंतु रावांनी तोंडाचा उपाय न करिता आधी कऱ्हाडी धाकटे बंधू संग्रामराव यांस फोन लाविला. संग्रामराव पंचायतीच्या राजकारणात मुरलेले, ते म्हणाले, "दादा, एवढ्याला घाबरतोस व्हय? तिथला नगराध्यक्ष कोण हाय? जाऊन भेट की. रिकाम्या हातानं जाऊ नको म्हंजे झालं." मग राव चकल्यांचा डबा घेऊन ओट्टोसाहेबांचे कचेरीस गेले. साहेबांनी उठोन आसन दिले, सारे ऐकिले, आणि डबा पाहोन म्हणाले, "नको, आभारी आहे." राव म्हणाले, "असं कसं, घ्याच." साहेब म्हणाले, "नको." राव म्हणाले, "घरच्या आहेत." साहेबांची मुद्रा पालटली, त्यांनी डबा उचलोन बाहेर खिडकीपाशी नेला, आणि दाखला घेण्यास जे लोक रांगेत उभे होते त्यांस म्हणाले, "हे गृहस्थ सर्वांसाठी खाऊ घेऊन आले आहेत." लोकांनी चकल्या खाल्ल्या, तिखट लागल्या, आणि सर्वांनी रावांस धन्यवाद दिले. मग साहेब म्हणाले, "शाळेत माझं काही चालत नाही, आणि चालू नये. पण मुलगी तुमची आहे. तुम्हाला तिच्याविषयी काय वाटतं, ते तुम्ही बाईंना का सांगत नाही?" राव रिकामा डबा घेऊन रस्त्यास लागले. हा मनुष्य आपणांवर रागावला की आपणांस मसलत देऊन गेला, हे त्यांस काही केल्या उमजेना.

नवव्या दिवशी हरकतीची बैठक जाहली. त्या मुलखी अशा बैठकीस लेकरासही बसवितात, सबब ओवी आईच्या शेजारी मान खाली घालून बसली. हेल्गाबाईंनी कागद काढोन रावांचीच वाक्ये रावांस वाचोन दाखविली आणि म्हणाल्या, "माझं मत वेगळं होतं. पण बापापेक्षा मी मुलीला जास्त कशी ओळखणार? घरी अभ्यासापायी तिचे हाल होत असतील असं मला वाटलं." राव म्हणाले, "ते मी असंच म्हटलं होतं." बाई म्हणाल्या, "असंच म्हणजे?" मेघनाबाईंनी पायाने पाय दाबिला. मग राव म्हणाले, "म्हणजे, तशी बरी आहे." बाईंनी पेन्सिल उचलिली नाही, त्या थांबल्या. संगणकाच्या कामी शंभर जणांपुढे बोलणारा गडी, परंतु स्वतःच्या लेकीबद्दल चार चांगली वाक्ये त्यांच्या घशातून वर येईनात. त्यांनी ओवीकडे पाहिले. ती टेबलाची कड नखाने खरवडीत होती.

मग राव टेबलाकडे पाहत बोलू लागले. "ती जेवताना वाचते. भात गार होतो, आम्ही ओरडतो, तरी वाचते. तीन वर्षांपूर्वी आलो तेव्हा तिला तुमच्या भाषेतलं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं, पहिले चार महिने शाळेतून आली की रडायची, आणि आता आमच्या घरची सगळी पत्रं तीच वाचते. वीज, विमा, सगळं. हे तुमचं पत्रसुद्धा तिनंच मला वाचून दाखवलं. वाचनाची गोडी नाही, ही ओळ तिनंच वाचली, बाई, आणि एकही शब्द चुकली नाही. मला ती वाचता आली नसती." मग राव म्हणाले, "ती माझ्यापेक्षा हुशार आहे. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही." हेल्गाबाईंनी पेन्सिल उचलिली, जुना मजकूर खोडिला, आणि थोरल्या शाळेची शिफारस लिहून सही केली.

मेघनाबाई तेथूनच कामावर गेल्या आणि बापलेक चालत घरी निघाले. बरेच अंतर गेल्यावर ओवी म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी खोटं बोललात का आत्ता?" राव म्हणाले, "आधी." "काकाला, आजीला सांगता, तेपण खोटं?" "तेपण." "आणि मला सांगता ते?" राव मध्येच उभे राहिले. थंडी फार होती. ते म्हणाले, "तेपण खोटंच, बाळा." पोरीने त्यांच्या खिशात हात घालून फोन काढिला, कऱ्हाडी आजीस लाविला, आणि बापाच्या कानाशी धरिला. आईसाहेब म्हणाल्या, "कशी हाय रं पोरगी?" राव नेहमीप्रमाणे म्हणू लागले, "आहे आपली," आणि ओवी समोर उभी, पापणी न हलविता पाहत होती. मग राव म्हणाले, "हुशार आहे, आई. लई हुशार आहे." पलीकडून आईसाहेब घाईने म्हणाल्या, "हळू बोल, मेल्या. दृष्ट लागंल माझ्या लेकराला."

येणेप्रमाणे कन्या थोरल्या शाळेत दाखल जाहली. एकदा बोललेला शब्द खरा धरणारा मुलूख शहाणा, की तिसऱ्या वेळेपर्यंत वाट पाहणारा, हे रणधीररावांस अद्यापि ठरविता आले नाही. परंतु बैठकीच्या संध्याकाळी, इतके दिवस दाराशीच पडलेली पिशवी ओवीने आत नेली, आणि जेवताना भात गार जाहला, आणि कोणी ओरडले नाही. इति.