पेशी-परिचय समिती

इंदूरची मिल बंद पडली आणि हेडक्लार्क कृष्णराव घरी बसले, त्याच वर्षी देशाचे दरवाजे परदेशी मालाला उघडले आणि सुनेचा, अमिताचा, गर्भ दुसऱ्यांदा टिकला नाही. पहिल्या दोन गोष्टींवर सुदामा नगरातल्या त्यांच्या घरी रोज चर्चा होई. तिसरीवर समिती बसली.

निमित्त डॉक्टर इंदिराबाईंचं. त्यांनी समजावलं होतं, "शरीरात पहारेकरी पेशी असतात. बाळ अर्धं वडिलांचं, म्हणजे पेशींना अर्धं परकं. तरी त्या त्याला सांभाळून घेतात, त्याच्यासाठी रक्ताच्या वाटा रुंद करतात. कधीकधी हे जमत नाही. तपासून बघू."

घरी पोचेपर्यंत याचा अर्थ एवढाच उरला, की सुनेच्या पेशी सासरच्यांना ओळखत नाहीत.

"मी म्हणतच होते!" सासूबाई म्हणाल्या.

"परदेशी साबण घरात चालतो, आणि आपलाच माल परका? ये क्या बात हुई?" कृष्णराव गरजले. त्यांनी तत्काळ पेशी-परिचय समिती स्थापन केली आणि आग्रहाला मान देऊन अध्यक्षपद स्वीकारलं. आग्रह त्यांचाच होता.

ठरावानुसार रविवारी सर्व नातलग जमले. पोहे-जिलबी झाल्यावर प्रत्येकाने अमिताच्या पोटासमोर उभं राहून नाव आणि नातं सांगितलं. बडा गणपती भागात राहणाऱ्या आत्याबाईंनी, समोर पहारेकरी आहेत हे लक्षात घेऊन, पूर्वजांचे होळकरी फौजेतले हुद्दे मोठ्याने उच्चारले. काकांना सर्दी होती; त्यांनी तीन शिंका देऊन थेट संपर्क साधला. मिलमधले बेकार सहकारीही आले. गेटवरून परत फिरायची सवय झालेल्यांना कुठेतरी आत घेतलं जात होतं.

"झाली का ओळख, सूनबाई?"

"झाली," अमिता हसू दाबत म्हणाली. "पेशींनी सगळ्यांना नमस्कार सांगितलाय."

"सॉरी यार," नवरा देवेंद्र तिच्या कानात पुटपुटला.

पुढच्या आठवड्यात समिती दवाखान्यात हजर झाली. डॉक्टर म्हणाल्या, "अमिताचं सगळं नॉर्मल आहे. आता देवेंद्रला तपासू."

"मुलाला?" सासूबाईंचा आवाज चिरकला.

"अर्धं बाळ त्याचंच ना?"

अध्यक्षांची प्रकृती अचानक बिघडली आणि समिती बेमुदत स्थगित झाली. देवेंद्र मात्र गुपचूप अमिताला स्कूटरवर बसवून गेला, तपासून घेऊन आला. त्याच्यातही काही निघालं नाही. "असं कारण न सापडताही होतं," डॉक्टर म्हणाल्या. "घरातली गर्दी तेवढी कमी करा."

पुढच्या वर्षी बाळ झालं.

समिती लगेच पुनरुज्जीवित झाली. आत्याबाईंनी श्रेय होळकरी फौजेला दिलं, काकांनी शिंकांना. अध्यक्षांनी स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव मांडला; तो एकमताने संमत झाला. बाळाचं नाक कुणाचं यावर मात्र फूट पडली आणि नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं.

अमिता कशी आहे, हे कुणी विचारलं नाही.

तुम्ही तरी कुठे विचारताय? तुमचं केव्हाचं एवढंच चाललंय: मुलगा की मुलगी?